सोळाव्या वर्षाचं रजिस्टर

१

शुक्रवारी सकाळी वाचनालयाचं दार उघडून दहा मिनिटं झाली नसतील, तोच ग्रंथपालांनी टेबलामागचं लाकडी कपाट उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. हात कमरेला, मान किंचित वाकडी. पहिल्या बाकावर बसून पहिलं वर्तमानपत्र उघडणाऱ्या शिवणबाईंनी चष्म्यावरून तिकडे पाहिलं.

"बाई," ग्रंथपाल म्हणाले, "सोळाव्या वर्षाचं रजिस्टर जागेवर नाही."

शिवणबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. एकतीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं. गावातल्या निम्म्या बायका काज आणि तुरपाई करत त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. कुणाच्या झग्याची शिलाई कुठे उसवली आहे, ते त्यांना रस्त्यापलीकडून दिसायचं. त्यांची सून म्हणायची, आमच्या आईंसमोर जाताना माणसानं मनसुद्धा एकदा झटकून, इस्त्री करून न्यावं.

वयाच्या आठव्या वर्षापासून, म्हणजे एकोणसत्तर वर्षं, त्या या वाचनालयाच्या सभासद होत्या. इथल्या लाकडी जिन्याची कुठली पायरी कुरकुरते, कुठल्या खिडकीतून दुपारी तीनला पुस्तकाच्या पानावर ऊन येतं, हे त्यांना स्वतःच्या घरापेक्षा नीट ठाऊक होतं. दारावर पहिल्या ग्रंथपालांचा फोटो होता. त्यांना सगळे आप्पा म्हणत. किडकिडीत माणूस, बंद गळ्याचा कोट, आणि कोटाचं तिसरं बटण चौथ्या काजात. शिवणबाई शिकवायला लागल्या त्या वर्षापासून ते बटण त्यांना खुपत होतं.

फोटोच्या शेजारी दुसरी चौकट होती, ती दानपत्राची. शहाऐंशी वर्षांपूर्वी गावातल्या मोठ्या मालकांनी आपलं धान्याचं कोठार आणि घरातली चाळीस पुस्तकं वाचनालयाला दिली, ती एका अटीवर. ज्या वर्षी इथलं एकही पुस्तक वाचकाच्या घरी जाणार नाही, त्या वर्षापासून जागा पुन्हा घराण्याची. मोठ्या मालकांचा हेतू चांगला होता. पुस्तकं कपाटात कुजू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. पण आता त्यांचा नातू, ज्याला गाव धाकटा मालक म्हणे, त्यानं तीच अट बाहेर काढली होती. वाचनालयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी, मोठी साथ आली, तेव्हा वर्षभर या इमारतीत रुग्णांच्या खाटा होत्या आणि वाचनालय बंद होतं, असं त्याचं म्हणणं. त्या वर्षी पुस्तकं गेल्याचं दाखवा, नाही तर जागा सोडा. रविवारी सकाळी दहाला तो देवघेवीची रजिस्टरं पाहायला येणार होता.

म्हणजे शहाऐंशी रजिस्टरांतलं जे एकच रजिस्टर वाचनालयाला तारणार होतं, नेमकं तेच गेलं होतं.

"कुणाला सांगू नका, बाई," ग्रंथपाल म्हणाले. त्यांचा चेहरा खळ लावलेल्या कागदासारखा दिसत होता.

"सांगत नाही. पण विचारते मात्र सगळ्यांना," शिवणबाई म्हणाल्या आणि कपाटाशी गेल्या.

कपाटात रजिस्टरं काळ्या कापडी पाठी बाहेर करून ओळीनं उभी होती. पंधरावं, आणि त्याला खेटून सतरावं. मध्ये बोटभरही फट नव्हती.

२

कपाटाची किल्ली ग्रंथपालांच्या खणात टीपकागदाच्या पॅडखाली असे. हे ठाऊक असलेली माणसं तीन. स्वतः ग्रंथपाल, अध्यक्ष डॉक्टर आणि म्हातारा बाइंडर. मंगळवारी बाइंडर येऊन फाटकी पुस्तकं कापडात बांधून घेऊन गेला होता. बुधवारी धाकटा मालक येऊन ग्रंथपालांच्या टेबलापाशी अर्धा तास बसला होता. ग्रंथपाल त्याच्यासाठी पाणी आणायला उठले, तेवढा वेळ खण आणि तो दोघंच.

शिवणबाई आधी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी दवाखाना कधीच बंद केला होता, पण बाहेरच्या खोलीत वजनाचा काटा तसाच होता आणि आल्यागेल्याला ते अजून त्यावर उभं करत. शिवणबाईंनाही केलं. मग चहा मागवला. हळूहळू बोलते झाले. धाकट्या मालकानं वाचनालयासाठी, तो बांधत असलेल्या नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या देऊ केल्या होत्या. जुन्या जागेची गळकी कौलं, वाळवी, दर वर्षीची डागडुजी, कुठवर करायची, असं त्यांच्या मनात आलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही.

"दोन जिने चढून मी पुस्तक बदलायला येईन, डॉक्टर?" शिवणबाईंनी विचारलं.

"तुम्ही याल. मीच येणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि हसायचं म्हणून हसले. मग म्हणाले, की त्यांनी अजून होकार दिला नव्हता. या वाचनालयात बसूनच त्यांनी डॉक्टरकीचा अभ्यास केला होता. घरी अकरा माणसं आणि दोन खोल्या. होकार द्यायला तोंड उघडलं, की अभ्यासाचं ते टेबल डोळ्यांपुढे यायचं.

धाकटा मालक त्याच्या त्या नव्या बांधकामावर भेटला. त्यानं शिवणबाईंना पाहताच खुर्ची पुढे केली, कारण त्याची थोरली बहीण त्यांची विद्यार्थिनी. "तुमच्या वर्गात बोटात घुसलेली सुई ताई अजून विसरली नाही, बाई."

"आणि सुई धरायला शिकली ते?"

"ते बोलत नाही," तो हसला. रजिस्टर गेल्याचं कळताच मात्र त्याचं हसू मावळलं. तो रागावलेला दिसला, आणि तो राग खोटा नव्हता. "मी कशाला नेऊ? मला तर ते हवंय. बाबा त्या वर्षी नऊ वर्षांचे होते, घरात अंथरुणाला खिळलेले. वाचनालयात खाटा लावल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. ते रजिस्टर कोरं असणार, याची मला खात्री आहे. लपवायचं कारण तुमच्या लोकांना आहे, मला नाही."

बोलणं कडू होतं, पण उसवलेलं कुठेच नव्हतं. शिवणबाई तिथून बाइंडरच्या दुकानाकडे वळल्या.

३

बाइंडरचं दुकान म्हणजे एक खोली, एक दाबयंत्र आणि खळीचा वास. सत्तरीचा माणूस, कानानं थोडा कमी, पण बोटं अजून विशीतली. त्याच्या आधी त्याचा बाप वाचनालयाची बांधणी करायचा.

"ताई, मी रजिस्टर चोरलं असं म्हणायला आलात, तर आधी बसा," तो म्हणाला. "उभ्यानं माणसावर आळ घेऊ नये."

मंगळवारचं गाठोडं त्यानं स्वतःच सोडून दाखवलं. मुलांची सतरा पुस्तकं, सगळ्यांच्या पाठी मोडलेल्या. रजिस्टर त्यात नव्हतं. शिवणबाईंनी एक पुस्तक उचललं. शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी होती, ज्यावर पुस्तक नेताना परतीच्या तारखेचा शिक्का मारतात आणि शेजारी पेन्सिलीनं सभासदाचा नंबर घालतात. ती चिठ्ठी हाताला चांगली पुठ्ठ्याएवढी जाड लागली.

"हे काय? इतकं जाड कसं?"

"चिठ्ठी भरली की दुसरी लावायची. जुनी काढायची नाही, तिच्यावरच नवी चिकटवायची. ही आमची पद्धत." बाइंडरचा आवाज एकदम सरळ झाला. "बाबांना आप्पांनी सांगून ठेवलं होतं. पुस्तक किती घरं फिरून आलं, ते त्याच्या अंगावर राहिलं पाहिजे म्हणाले. दुसऱ्या गावची वाचनालयं चिठ्ठ्या फाडून फेकतात. आपल्याकडे एक फेकलेली दाखवा, मी हे दुकान बंद करतो."

शिवणबाईंनी ते पुस्तक जरा वेळ हातात ठेवलं. मग त्यांनी विचारलं, की कपाटातली रजिस्टरं सरकवून त्यानं फट बुजवली होती का. बाइंडर हसला. त्यानं कपाटाला हातही लावला नव्हता. "आणि फटीचं म्हणाल, तर मला फट चालते, ताई. फट दिसली की कळतं, पुस्तक कुणी तरी वाचतंय."

घरी जाताना शिवणबाई चालता चालता थांबल्या. फट चालत नाही असा माणूस या गावात एकच होता. आणि शहाऐंशी एकसारख्या काळ्या पाठी, त्यात फट नाही, नंबर वाचायला माणूस वाकला नाही, बोट लावून मोजलं नाही. तरी कपाट उघडताच कोणतं रजिस्टर नाही ते त्याला कळलं होतं.

४

शनिवारी दुपारी वाचनालयात त्या आणि ग्रंथपाल दोघंच होते. ग्रंथपाल पुस्तकांच्या पाठींवर नंबर घालत होते, प्रत्येक अंक छापल्यासारखा. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही पुस्तक चुकीच्या फळीवर जाऊ दिलं नव्हतं. वाचक पुस्तक उलटं ठेवून गेला, तर त्यांना जेवण जात नसे, असं त्यांची बायको सांगायची.

शिवणबाईंनी स्वतःलाच विचारलं, असा माणूस काही लपवायचं झालं तर कुठे लपवील? घरी नेणार नाही. वाचनालयाची वस्तू नोंद केल्याशिवाय त्यानं कधी उंबऱ्याबाहेर नेली नव्हती. जाळणार नाही, फाडणार नाही. आणि कुठेतरी कोंबणार तर नाहीच. तो ते फळीवर ठेवील. योग्य त्या फळीवर, योग्य त्या जागी.

आणि योग्य जागी ठेवलेल्या पुस्तकाला एक गोष्ट लागतेच.

त्या उठून कॅटलॉगच्या कपाटाकडे गेल्या. चाळीस छोटे खण, प्रत्येकात पुस्तकांची कार्डं, आणि खालच्या कडेच्या भोकांतून ओवलेली पितळी सळई. त्यांनी गावाच्या इतिहासाचा खण ओढला. कार्डांच्या वरच्या कडांवरून बोट फिरवलं. वर्षानुवर्षं हाताळून त्या मऊ, कापडासारख्या झाल्या होत्या. एकाएकी बोटाला कोरी कड लागली.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कार्ड जवळून पाहिलं. कार्ड मुद्दाम जुनं, पिवळट निवडलेलं होतं. पण इतर कार्डांची भोकं सळईला घासून घासून लांबट झाली होती, जुन्या सदऱ्याच्या काजासारखी. याचं भोक गोल होतं. या काजातून बटण अजून गेलंच नव्हतं.

कार्डावर छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'देवघेवीच्या नोंदी, वर्ष सोळावे.' खाली फळीचा नंबर.

त्या फळीवर खाकी वेष्टनात एक जाड पुस्तक उभं होतं. शिवणबाईंनी ते टेबलावर आणून उघडलं. पहिल्या पानावर आप्पांच्या वळणदार अक्षरात मथळा. पुढची सगळी पानं लाल शाईनं आखलेली, रकाने पाडलेले, वर्षभराच्या तयारीनं.

आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं कोरी.

५

"मंगळवारी रविवारची तयारी म्हणून काढलं," ग्रंथपाल मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, ते शिवणबाईंना कळलं नव्हतं. "उघडलं आणि पायाखालची जमीन सरकली. वाटलं, रजिस्टर हरवलं तर फार तर मला काढतील. हे सापडलं तर सगळंच जाईल."

"आणि कार्ड कशाला केलंत?"

ते खुर्चीवर बसले.

"कार्ड नसलेलं पुस्तक म्हणजे मेलेलं पुस्तक, बाई. फळीवर असून कुणाला सापडायचं नाही. आणखी पन्नास वर्षांनी कुणी शोधायला आलं तर? ते माझ्या हातून होईना."

शिवणबाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. या माणसाला रागवावं तर कुठून सुरुवात करावी. पण त्या उठल्या नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच काही घोळत होतं, लहानपणापासून घोळत होतं ते. साथीच्या वर्षी त्या सात वर्षांच्या होत्या. शाळा बंद, दारं बंद, खिडकीतून दिसणारा रिकामा रस्ता. मग सायकलची घंटा. दाराच्या कडीला अडकवलेली कापडी पिशवी, आणि पिशवीत पुस्तक. जंतू मारायला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास येणारं, समुद्रातल्या दीपगृहाच्या चित्रांचं. आईला विचारलं, तर आई म्हणायची, तुला तेव्हा ताप होता, तापात माणसाला काय काय दिसतं. पुढे आईही गेली. साथ संपता संपता आप्पा गेले होते, एकटा माणूस, मागे विचारायलाही कुणी नव्हतं. शिवणबाईंनी ते स्वप्न म्हणूनच जपलं होतं.

"इमारतीत खाटा लावल्या, तेव्हा आप्पांना आत जाऊ दिलं असेल?" त्यांनी विचारलं.

"शक्यच नाही. रजिस्टर आत कपाटात अडकलं असणार."

"रजिस्टर आत अडकलं. पण आप्पा नाही अडकले." शिवणबाई उठल्या. "दीपगृहाच्या चित्रांचं पुस्तक आहे का हो अजून?"

ग्रंथपालांना कॅटलॉग बघावा लागला नाही. ते मुलांच्या फळीकडे गेले आणि पुस्तक घेऊन आले. शिवणबाईंनी शेवटचं पान बोटांत धरलं. पुठ्ठ्याएवढं जाड होतं.

"उद्या मी सगळ्यांना रजिस्टर दाखवणार," त्या म्हणाल्या. "कोरं आहे, तसंच. आणि बाइंडरदादांना निरोप धाडा, ओलं फडकं आणि पट्टी घेऊन या म्हणावं."

"आणि खाली काही निघालं नाही तर?"

शिवणबाईंनी पुस्तक मिटून रजिस्टरावर ठेवलं.

६

रविवारी दहाला सगळे मोठ्या टेबलाभोवती बसले. धाकटा मालक, डॉक्टर, बाइंडर, ग्रंथपाल. शिवणबाईंनी कोरं रजिस्टर टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि ते कसं सापडलं ते सांगितलं. नसलेली फट, न मोजता कळलेला नंबर, आणि गोल भोकाचं कार्ड. ग्रंथपाल स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले, की मीच लपवलं.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "चोरी केलीत आणि पावती ठेवून गेलात," ते म्हणाले. रागाची एकही रेघ त्यांच्या आवाजात नव्हती.

धाकट्या मालकानं पानं उलटली. कोरी, कोरी, कोरी. त्यानं रजिस्टर मिटलं आणि खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. जागा सोडण्याचा कागद होता तो. "आता बोलायचं काही उरलं नाही, बाई."

"तुम्हाला नसेल. मला आहे," शिवणबाई म्हणाल्या. "तुम्ही रजिस्टर पाहिलंत. यांनीही रजिस्टरच पाहिलं, आणि घाबरले. हा माणूस नोंदवहीवर जितका विश्वास ठेवतो, तितका देवावर ठेवत नसेल. वहीत नाही म्हणजे झालंच नाही. पण अट वहीची नाही. पुस्तक वाचकाच्या घरी गेलं पाहिजे, ही अट आहे. तेव्हा आपण पुस्तकालाच विचारू."

बाइंडरनं दीपगृहाचं पुस्तक पुढे ओढलं. ओलं फडकं वरच्या चिठ्ठीवर पसरलं आणि थांबला. मग त्यानं गुळगुळीत पट्टी कडेखाली सरकवली आणि चिठ्ठी सोलून काढली, न फाडता. खाली दुसरी. तिच्यावरची वर्षं जुनी होती. तिसरी त्याहून जुनी. चौथीला वेळ लागला. तिच्या तारखा सतराव्या वर्षात सुरू होत होत्या. बाइंडरनं हात पुसले. खाली एकच चिठ्ठी उरली होती, सगळ्यात पहिली.

ती उघडी पडली, तेव्हा गंधकाचा अगदी पुसट वास आला. की शिवणबाईंनाच तो आला, कोण जाणे.

चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग सोळाव्या वर्षाच्या तारखांनी भरला होता. महिन्यामागून महिना. शिक्के वेडेवाकडे, गुडघ्यावर पुस्तक ठेवून मारावेत तसे. शेजारी पेन्सिलीनं नंबर. एकतीस, सात, सात, एकतीस, सात, सात, सात.

"एकतीस माझे वडील," शिवणबाई म्हणाल्या. आपला आवाज इतका हळू का निघाला, ते त्यांना कळेना. सत्तर वर्षं ज्याला ताप म्हटलं, ते समोर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. सायकल होती. घंटा होती. आप्पा खाटा लागण्याआधी पुस्तकं आणि शिक्का घेऊन बाहेर पडले होते. धुरी देऊन, पिशवीत घालून, घराघराच्या कडीला त्यांनी वाचनालय अडकवलं होतं. आणि ते वहीत लिहायला राहिले नाहीत.

बाइंडरनं न सांगता मुलांची आणखी दोन जुनी पुस्तकं ओढली. त्यांच्याही तळाशी तेच वर्ष निघालं, दुसरे नंबर.

"सात नंबर कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

ग्रंथपालांनी सभासदांची यादी आणलीही नाही. "मोठ्या मालकांचा," ते म्हणाले. "त्यांच्या घराचा."

धाकटा मालक पुस्तक जवळ ओढून पानं उलटत होता. एका चित्रापाशी थांबला. खवळलेला समुद्र, आणि दीपगृहाच्या जिन्यावरून दिवा घेऊन चढणारा म्हातारा.

"बाबा मला ही गोष्ट सांगायचे," तो म्हणाला. "रोज. प्रत्येक लाट कशी येते ते हातानं करून दाखवायचे. मला वाटायचं, त्यांनीच रचलीये." थोड्या वेळानं म्हणाला, "ते अंथरुणातून उठतील, असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं."

वर फोटोत आप्पा चुकीच्या काजात बटण घालून उभे होते. कुठल्या तरी घरी पुस्तक द्यायला निघायचं म्हणून घाईत कोट घातला असावा, असं शिवणबाईंना आज पहिल्यांदा वाटलं, आणि ते बटण त्यांना खुपायचं थांबलं.

धाकट्या मालकानं टेबलावरचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मग पुस्तक ग्रंथपालांपुढे सरकवलं.

"हे घरी नेता येईल?"

ग्रंथपालांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? ग्रंथपाल तुम्ही आहात ना अजून?"

तेव्हा ग्रंथपालांनी आजचं रजिस्टर उघडलं, लेखणी घेतली आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "सभासद नंबर?"

"सात."

ग्रंथपालांनी आधी वहीत लिहिलं. मग बाइंडरकडून कोरी चिठ्ठी घेऊन शेवटच्या पानावर फक्त वरच्या कडेनं चिकटवली, खालचं झाकू नये म्हणून. तिच्यावर तारखेचा शिक्का मारला, अगदी सरळ.

"पंधरा दिवसांत परत," ते म्हणाले.